कलकत्त्याच्या चायनाटाउनमध्ये खायचं कुठे? पहाटे टिरेट्टा, रात्री टॅंग्रा

डिसेंबर जवळ आला की आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायटीतलं कोणी ना कोणी कलकत्त्याचं बुकिंग करतंच आणि मग मला फोन येतो, कारण नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही काही वर्षं तिकडे राहून आलोय. रसगुल्ला, मिष्टी दोई, काठी रोल याबद्दल कोणी विचारत नाही, ते सगळ्यांना माहीतच असतं. विचारतात ते हे की ते चायनाटाउन म्हणतात ते नक्की कुठे आहे, तिथे जाऊन खायचं काय, आणि मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगते, म्हणून आता एकदा सगळं नीट लिहून काढतेय, पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. कलकत्त्यात चायनाटाउन एक नाही, दोन आहेत. जुनं ते टिरेट्टा बाजार, लालबाजारच्या पोलिस हेडक्वार्टरजवळ, शहराच्या अगदी मध्यात. नवं ते टॅंग्रा, पूर्वेला, सायन्स सिटीकडे. ही दोन एकमेकांच्या जवळ नाहीत आणि दोन्हीकडचं खाणंही वेगळं आहे, वेळही वेगळी आहे. टिरेट्टा म्हणजे पहाटेचा नाश्ता, रस्त्यावर उभं राहून. टॅंग्रा म्हणजे रात्रीचं जेवण, टेबलाला बसून, चार-सहा जणांनी मिळून. बरेच लोक संध्याकाळी टिरेट्टाला जातात, तिथे बंद शटर आणि पार्किंग बघतात आणि परत येऊन सांगतात की काही नव्हतं हो तिकडे. अहो, असणार कसं, ते सगळं सकाळी साडेआठ-नऊपर्यंत आवरलेलं असतं!

तुमच्याकडे एकाच जेवणाचा वेळ असेल तर माझं स्पष्ट मत आहे की टॅंग्रा सोडा आणि टिरेट्टाला जा. चिली चिकन तुम्हाला ठाण्यातही मिळेल, चांगलं मिळेल. टिरेट्टाचा नाश्ता दुसरीकडे कुठेच मिळत नाही, आणि तो दर वर्षी थोडा थोडा कमी होत चाललाय.

आता जायचं कसं. गुगल मॅपवर पोद्दार कोर्ट टाका, त्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला सन यात सेन स्ट्रीट आहे, तिथेच हा बाजार भरतो. जवळचं मेट्रो स्टेशन सेंट्रल, चालत पाच-दहा मिनिटं. पण जायचा दिवस रविवार आहे, म्हणजे बाकीच्या दिवशीही थोडेफार विक्रेते असतात पण रविवारी जास्त, आणि रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, तोवर इकडचं संपलेलं असतं, म्हणून टॅक्सीच करा. सहा-साडेसहापर्यंत पोचायचं. कलकत्त्यात उजाडतं आपल्यापेक्षा लवकर, त्यामुळे सहा म्हणजे काळोख वगैरे काही नसतो, मुलांना उठवायचा तेवढा त्रास. आठनंतर गेलात तर जे उरलंय ते खावं लागेल, आणि चांगलं असतं ते उरत नाही. मामलेदारकडे मिसळ खायला रविवारी उशिरा गेल्यावर जी रांग आणि जी घाई होते ना, तसंच समजा, फक्त इथे दुपारी परत यायचा ऑप्शन नाही.

जागा बघून पहिल्यांदा थोडं खट्टू व्हायला होतं, ते आधीच सांगते म्हणजे अपेक्षा नीट राहतील. लाल कमान, कंदील, ड्रॅगन असलं सिंगापूरसारखं सजवलेलं काही नाहीये. एक साधा रस्ता, बाजूला भाजीवाले, मासेवाले, थांबलेल्या गाड्या, आणि कडेला टेबलं-स्टुलं मांडून अ‍ॅल्युमिनियमच्या मोठमोठ्या पातेल्यांतून वाफ काढणारी माणसं. जुन्या चिनी आज्या-आजोबा आता थोडे उरलेत, त्यांच्या जोडीला नेपाळी आणि बंगाली विक्रेतेही बसतात, मोमो विकतात. त्यात वाईट काही नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण मी जेव्हा जाते तेव्हा आधी एक फेरी मारते, हातात काही न घेता, कोणाकडे काय आहे ते बघते आणि मगच सुरुवात करते. तुम्हीही तसंच करा, कारण पहिल्याच पातेल्यापाशी दोन प्लेट मोमो खाल्ले की पुढच्या गोष्टींना पोटात जागा राहत नाही, आणि मोमो तर वाशी स्टेशनबाहेरही मिळतात.

सुरुवात फिशबॉल सूपने. पातळ, स्वच्छ, पांढुरकं सूप, त्यात माशाचे गोळे, वरून पातीचा कांदा किंवा कोथिंबीर, हवी तर मिरी. कॉर्नफ्लोअरचा गोळा नाही, सॉसचा रंग नाही. आपल्याकडे गाडीवरचं मंचाव सूप प्यायची सवय झालेल्या माणसाला पहिल्या घोटाला वाटतं की अरे हे तर फिकं आहे, आणि तिसऱ्या घोटाला कळतं की माशाची चव लागतेय, अख्ख्या माशाची, गोडसर. माशाचं मांस कुटून कुटून, मळून मळून त्याला असा चिवटपणा आणतात की गोळा दाताखाली किंचित उसळतो. आमच्या सोबत एकदा चेंदणी कोळीवाड्यातली माझी मैत्रीण होती, मासे म्हणजे तिचा घरचा विषय, तिने एक वाटी संपवली, दुसरी मागितली आणि विक्रेत्या काकूंना खुणांनी विचारायला लागली की हे काटे काढता कसे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पाच मिनिटं दोघींचं व्यवस्थित बोलणं चाललं होतं.

मग बाव. वाफवलेला मैद्याचा पांढरा गुबगुबीत गोळा, आत पोर्क किंवा चिकन. गरम असतानाच खायचा, गार झाला की पीठ चिकट लागतं. मग शुमाई, ते वरून उघडं असतं, मोमोसारखं बंद नसतं, आणि चांगल्या शुमाईत सारण भरगच्च असतं, पीठ नावापुरतं. नशीब असेल तर पानात गुंडाळलेला चिकट भात दिसेल, आत मांस घालून दोऱ्याने बांधलेला. तो दिसला की विचार करू नका, घ्या. तीळ लावून तळलेले गोड सारणाचे गोळेही असतात, मुलांना ते आवडतात. आणि एखाद्या टेबलावर लालसर सुके सॉसेज बांधून ठेवलेले दिसतील, गोडसर असतात, ते तिथे खायला नसून घरी न्यायला. पातळ कापून भाताबरोबर वाफवायचे. स्वयंपाकघर असलेल्या ठिकाणी उतरला असाल तर जरूर घ्या.

पोर्कबद्दल थोडं बोलते कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. टिरेट्टामध्ये निम्म्याहून जास्त गोष्टींत पोर्क असतं. आपल्याकडे मटण-मासे आवडीने खाणाऱ्या घरांतसुद्धा पोर्क चालत नाही, त्यात कोणाला काही समजावायला मी जाणार नाही. फक्त प्रत्येक टेबलापाशी आधी विचारा, पोर्क की चिकन, ते लोक नीट सांगतात, त्यांना या प्रश्नाची सवय आहे. चिकनचे बाव, चिकनचे मोमो, फिशबॉल सूप, कोलंबीचे प्रकार, यात पोट भरतं. पण भांडी, चमचे, वाफेचं पातेलं वेगळं असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि व्हेज. आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंनी मला विचारलं, "अगं, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या ह्यांना तिथे काय मिळेल?" मी म्हटलं, काकू, पुरी-भाजी! खरंच, त्याच रस्त्याला बंगाली पद्धतीची कचोरी, आलूची पातळ भाजी आणि जिलबीवाले असतात आणि ते अजिबात वाईट नसतात. कलकत्त्याची ती मऊ कचोरी आणि सालासकट बटाट्याची हिंगाची भाजी म्हणजे वेगळंच सुख आहे. पण शुद्ध शाकाहारी माणसाने फक्त चिनी खाण्यासाठी पहाटे उठून इथे यावं असं मी सांगणार नाही. त्यांना रात्री टॅंग्राला न्या, तिथे बेबीकॉर्न, मशरूम, व्हेज मंचुरियन, व्हेज हक्का सगळं असतं.

पैसे सुटे ठेवा. आणि फोटो काढताना विचारून काढा. रविवारी तिथे आता कॅमेरे घेऊन एवढी गर्दी होते की म्हाताऱ्या विक्रेत्यांच्या तोंडासमोर फोन धरलेले असतात आणि ज्यांनी फोटो काढले त्यांच्यातले निम्मे काही विकत न घेता पुढे जातात. मला हे बघून फार वाईट वाटतं. ती माणसं मध्यरात्रीपासून उठून हे बनवतात. आधी खा, पैसे द्या, हसून विचारा, मग फोटो.

खाऊन झालं की लगेच टॅक्सी पकडू नका, अर्धा तास गल्ल्यांतून फिरा. इथली चिनी देवळं मॅपवर चर्च नावाने सापडतील, सी इप चर्च आणि तुंग ऑन चर्च. सी इप १९०५ सालचं आहे, वर क्वान यिन देवीचं देऊळ, शांत, उदबत्तीचा वास, लाकडी कोरीवकाम बघण्यासारखं. तुंग ऑनच्या इमारतीत खाली एकेकाळी नानकिंग नावाचं रेस्टॉरंट होतं, कलकत्त्यातलं सगळ्यात नावाजलेलं चिनी हॉटेल, बडे बडे लोक तिथे जेवायला यायचे. ते बंद होऊन किती तरी वर्षं झाली. त्या इमारतीसमोर उभं राहिलं की कळतं की हा मोहल्ला एकेकाळी काय असेल.

मग सॉस. पौ चोंगचं दुकान याच भागात आहे, १९५८ पासूनचा ब्रँड, आणि त्यांचा हिरव्या मिरचीचा सॉस बंगाली घराघरात असतो, रोलवाल्यापासून मोठ्या हॉटेलपर्यंत. आपल्याकडच्या ग्रीन चिली सॉसपेक्षा हा वेगळा आहे, मिरचीची चव येते, नुसता आंबटपणा नाही. सिंग च्युंगचे सॉसही याच मोहल्ल्यातले. दोन-तीन बाटल्या घ्याच.

दुपारपर्यंत त्या भागात असाल तर तुंग नाममध्ये जेवा, तुंग नाम ईटिंग हाउस, छातावाला गल्लीत. साधी टेबलं, साध्या खुर्च्या, डेकोरेशन शून्य, आणि पोर्क खाणाऱ्यांसाठी स्वर्ग. वॉन्टन सूप आणि भाजलेलं पोर्क मागवा. कुठेही मेनूवर हमचॉय दिसलं, म्हणजे खारवून आंबवलेला मोहरीचा पाला घालून केलेलं मांस, तर मागवून बघाच, हा हक्का लोकांचा, म्हणजे चीनमधून इथे आलेल्या एका समाजाचा, घरचा स्वयंपाक, आपल्या गाडीवरच्या चायनीजशी त्याचा काही संबंध नाही.

आता हे लोक इथे आले कसे ते थोडं सांगते, कारण ते माहीत नसेल तर टिरेट्टा म्हणजे फक्त एक कळकट रस्ता वाटतो. अठराव्या शतकाच्या शेवटी तोंग अछ्यू नावाचा चिनी व्यापारी बंगालमध्ये आला, वॉरन हेस्टिंग्जने त्याला बजबजजवळ हुगळीच्या काठी जमीन दिली, त्याने साखर कारखाना काढला, चीनमधून कामगार आणले. त्या जागेला आजही अछिपूर म्हणतात, तिथे नदीकाठी त्याची लाल रंगाची घोड्याच्या नालेच्या आकाराची समाधी आहे आणि चिनी नववर्षाच्या वेळी कलकत्त्यातले चिनी लोक तिथे जातात. कारखाना टिकला नाही, पण माणसं राहिली, शहरात सरकली आणि हळूहळू या बाजाराच्या आसपास वसली. बाजाराला नाव मिळालं एदुआर्दो टिरेट्टा या व्हेनिसच्या माणसावरून, बाजार त्याच्या मालकीचा होता. म्हणजे इटालियन माणसाचा बाजार, चिनी वस्ती, बंगाली शहर, आणि तिथे आम्ही ठाण्याचे लोक सूप पितोय!

नंतर येत गेलेल्या लोकांनी कामं वाटून घेतली होती. कँटनकडचे ते सुतारकामात, हक्का ते चामड्यात आणि बुटांत, हुपे प्रांताकडचे ते दातांचे डॉक्टर. बेंटिंक स्ट्रीटवर चिनी बुटांची दुकानं होती, अजूनही काही आहेत. मुंबईतही जुन्या लोकांना चिनी डेंटिस्ट आठवतील, माझ्या सासऱ्यांनी गिरगावात असताना चिनी डेंटिस्टकडून कवळी करून घेतली होती, ते त्याचं फार कौतुक करायचे.

आणि मग १९६२. युद्ध झालं आणि भारतात जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या चिनी लोकांना एका रात्रीत शत्रू ठरवलं गेलं. आसाम, बंगाल, ईशान्य भारत इथून तीन हजारांच्या आसपास माणसांना पकडून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, म्हातारे, बायका, लहान मुलं सगळे. काहींना तिथे वर्षानुवर्षं काढावी लागली. परत आल्यावर घरं-दुकानं गेलेली. जे पकडले गेले नाहीत त्यांच्या नोकऱ्या गेल्या, पोलिसांत हजेरी लावावी लागायची, परवानगीशिवाय शहराबाहेर जाता यायचं नाही. त्यानंतर लोक निघून जायला लागले, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग. टोरांटोमध्ये आज हक्का रेस्टॉरंट म्हणून जी दिसतात आणि जिथे चिली चिकन मिळतं ती बरीचशी कलकत्त्याहून गेलेल्या माणसांची. एकेकाळी कलकत्त्यात वीस हजारांच्या आसपास चिनी वस्ती होती, आता दोनेक हजार उरलेत असं सांगतात. आपल्याला शाळेत ६२चं युद्ध शिकवलं, देवळी नाही शिकवलं. मला हे पहिल्यांदा तिथे राहताना कळलं आणि मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते. म्हणूनच त्या रस्त्यावर एखाद्या आजीने हसून बावची प्लेट पुढे केली की मला त्यात किती काय काय दिसतं.

टिरेट्टा आणि टॅंग्राच्या मधलं एक ठिकाण आहे जे मी कोणालाही चुकवू देत नाही, ते म्हणजे ओ च्यू. गणेश चंद्र अ‍ॅव्हेन्यूवर, चांदनी चौक मेट्रोच्या जवळ, पेट्रोल पंपाच्या वरच्या मजल्यावर. खालून बघून वाटणारच नाही की वर हॉटेल असेल. १९२०च्या दशकापासून एकाच घराण्याने चालवलेलं. इथे चिमणी सूप मिळतं, मधोमध नळकांडं असलेलं धातूचं भांडं, त्या नळकांड्यात निखारे, भोवती उकळतं सूप आणि त्यात फिशबॉल, मांस, अंडं, भाज्या. टेबलावर आलं की सगळे पुढे वाकून बघतात. पण ते आधी फोन करून सांगावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही, आणि चार-पाच जण असाल तरच संपेल. दुसरं म्हणजे जोसेफिन नूडल्स, त्यांची घरची खास डिश, दाट पण हलकी ग्रेव्ही, चमचाभर लाल सॉससुद्धा लागत नाही. जागा छोटी आहे, जेवणाच्या वेळेच्या जरा आधीच जाऊन बसा.

आता टॅंग्रा. इथे हक्का लोकांच्या टॅनरी, म्हणजे चामडं कमावण्याचे कारखाने, होत्या. दलदलीची, शहराबाहेरची जागा, वास सहन होणार नाही असं काम, दुसरं कोणी करायला तयार नव्हतं, यांनी केलं आणि त्यावर अख्खी वस्ती उभी केली, शाळा, देऊळ, सगळं. मग १९९६च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रदूषणाच्या केसमध्ये आदेश दिला की टॅंग्रा, तिलजला, तोपसिया, पागलाडांगा इथल्या टॅनरींनी शहराबाहेर बानतलाला जावं, पाचशेवर टॅनरी होत्या. हुगळीत जाणारं ते पाणी बघता निर्णय बरोबरच होता, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा हलवणं सोपं नसतं. काही गेले, काहींनी बंद केलं, आणि बऱ्याच जणांनी हॉटेलांवर लक्ष दिलं. म्हणून आज टॅंग्रात शिरलं की उंच भिंती, जुनी लोखंडी गेटं, कारखान्यासारख्या इमारती आणि त्यातच झगझगीत पाट्या, बीजिंग, किम लिंग, गोल्डन जॉय, बिग बॉस.

यातल्या कुठे जायचं यावर कलकत्त्यातले लोक तासन्‌तास भांडू शकतात. आम्ही बहुतेक वेळा बीजिंग किंवा किम लिंगला जायचो. माझा सल्ला असा की नावावरून डोकं फोडू नका, कुठे स्थानिक बंगाली कुटुंबं आजी-नातवंडांसकट बसलीत ते बघा आणि तिथे शिरा. महत्त्वाचं आहे ते मागवायचं काय. गोल्डन फ्राइड प्रॉन्स, हे पहिलं. मग चिली गार्लिक किंवा सॉल्ट अँड पेपरमधलं काही कोरडं, मग चिली चिकन ग्रेव्ही असलेलं, त्याबरोबर साधे हक्का नूडल्स किंवा मिक्स्ड फ्राइड राइस. पोर्शन मोठे असतात, ठाण्याच्या हिशोबाने मागवलं तर अर्धं पार्सल करावं लागेल, म्हणून चौघांत आधी तीनच गोष्टी सांगा. मेनूवर ड्रम्स ऑफ हेवन दिसेल, ते म्हणजे आपल्या लॉलीपॉपचंच भावंड. जेवण आणि बार एकत्र असतो, पण फॅमिली क्राउड असतो, मुलांना घेऊन जायला काही हरकत नाही. जाताना आणि विशेषतः येताना टॅक्सीची सोय बघून ठेवा, आतल्या रस्त्यांवर रात्री चालत फिरू नका.

उजेड असताना पोचलात तर माथेश्वरतला रोडवरची चिनी काली बघा. झाडाखाली शेंदूर लावलेले दगड होते, तिथे पुढे चिनी लोकांनीच देऊळ बांधलं आणि तेच सांभाळतात. देवीला नूडल्सचा, चॉप सुईचा नैवेद्य दाखवतात. मला त्यात नवल वाटलं नाही, जे आपल्या घरात शिजतं तेच देवाला दाखवतो आपण.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. ठाण्यात, कळव्यात, कोपरखैरण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर लाल रंगाची गाडी असते, मोठ्या ज्योतीवर कढई उडत असते, ट्रिपल शेजवान, चायनीज भेळ, मंचुरियन, ते सगळं आपण 'चायनीज' म्हणून वाढलो. त्याचं मूळ चीनपेक्षा जास्त या दोन वस्त्यांत आहे. चिकन मंचुरियनचंच घ्या, १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वांग यांनी ते पहिल्यांदा केलं, आलं-लसूण-हिरवी मिरची हा आपला पाया घेतला आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. आणि नेल्सन वांग जन्माने कलकत्त्याचे. पुढे त्यांनी केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन काढलं. तिथून हॉटेलांत, हॉटेलांतून गाड्यांवर, गाड्यांवरून आपल्या घरच्या किटी पार्टीत.

पण दोन्हीकडच्या चवीत फरक आहे आणि तो जाणून घेऊन गेलात तर जास्त मजा येईल. आपलं शेजवान लाल, तिखट, लसणीचं, रंग भरपूर. टॅंग्राचं जेवण बरंचसं तपकिरी-पांढरं असतं, हिरव्या मिरचीचं तिखट, आणि सोया सॉस मापात. आमच्यासोबत आलेल्या एका भाच्याने बसल्या बसल्या ट्रिपल शेजवान मागितलं, वेटरने प्रेमाने सांगितलं की ते इथे नसतं. भाचा आधी हिरमुसला आणि नंतर त्यानेच नूडल्सची दुसरी प्लेट मागवली. मला दोन्ही आवडतं. गाडीवरचं शेजवान कमी दर्जाचं आणि टॅंग्राचं अस्सल असं मी मानत नाही, आपल्या मुलांनी, बऱ्याचदा नेपाळहून किंवा ईशान्येकडून आलेल्या कारागिरांनी, इथल्या जिभेप्रमाणे ते घडवलंय. पण मूळ चाखलं की गाडीवरच्या प्लेटमध्येही काय कुठून आलंय ते कळायला लागतं.

ज्यांचं कलकत्त्याला जाणं इतक्यात होणार नाही त्यांच्यासाठी मुंबईतली खूण सांगते. माझगावला नवाब टँक रोडवर सी युप कून नावाचं चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं, छोट्याशा इमारतीत वरच्या मजल्यावर. नवी मुंबईकरांना तर फार सोपं, हार्बर लाइनने थेट डॉकयार्ड रोडला उतरायचं आणि चालत जायचं. ठाण्याहून कुर्ल्याला बदलून. तिथे एकेकाळी मोठी चिनी वस्ती होती, आता देऊळ उरलंय आणि एक कुटुंब ते सांभाळतं, म्हणून आत गेलात तर आवाज कमी, आणि कोणाच्या तरी घराशेजारी आलोय याचं भान ठेवून. तिथून पुढे कुलाब्याला लिंग्ज पॅव्हेलियनमध्ये जेवा, मुंबईत जुन्या चिनी कुटुंबाने चालवलेलं जेवण म्हटलं की माझं पहिलं नाव तेच.

कलकत्त्याची तारीख अजून ठरवली नसेल तर चिनी नववर्ष बघून ठरवा, ते साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यात कधीतरी येतं, दोन्ही वस्त्यांत सिंहनाच असतो, परदेशी गेलेली मुलं-नातवंडं घरी आलेली असतात आणि बाहेर मोठी गर्दी. ट्रेनने जाणाऱ्यांना कल्याणहून गीतांजली आहे. रविवारची पहाट हातात राहील असंच रिटर्न तिकीट काढा, शनिवारी रात्री निघणाऱ्या लोकांचं टिरेट्टा दर वेळी हुकतं. आणि विमानाने येत असाल तर सॉसच्या बाटल्या चेक-इन बॅगेत, झाकणाला आधी प्लास्टिक मग टेप, मग जुन्या टॉवेलात गुंडाळून. केबिन बॅगेत ठेवल्या तर सिक्युरिटीला काढून ठेवाव्या लागतील.